दारात हत्ती, वहीत घसारा

खर्डा म्हटलं की सगळ्यांना इतिहासाच्या पुस्तकातली खर्ड्याची लढाई आठवते. मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम इथे समोरासमोर आले, निजामाला आमच्या गावच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि शेवटी तह करावा लागला. शाळेत असताना आम्ही सगळ्यांनी हे पाठ केलंय. पण २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात जी लढाई झाली, ती कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. एका बाजूला आमचे 'हे', दुसऱ्या बाजूला मी, आणि मधोमध एक पांढरीशुभ्र फॉर्च्युनर!

गाडी घ्यायची, यावर दोघांचंही एकमत होतं. सासूबाईंचे (मी त्यांना आत्या म्हणते) गुडघे दुखतात, त्यांना मोटारसायकलवर बसवत नाही. एकदा रात्री दीड वाजता त्यांची छाती भरून आली, तेव्हा शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या जीपमधून जामखेड गाठावं लागलं. पंचवीस किलोमीटर रस्ता, पण त्या रात्री संपता संपेना. शिवाय लेक नगरला वसतिगृहात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) तिला आणायचं-सोडायचं म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. तेव्हा गाडी हवी, हे नक्की. प्रश्न होता, कोणती?

एके दिवशी दुकान बंद करून आले ते मोबाइल पुढे करतच. "अगं, बघ तर! २०१९ चं मॉडेल, एकच मालक, सत्तर हजार किलोमीटर चालली. बावीस लाख म्हणतोय. नवी घ्यायला गेलो तर जवळजवळ दुप्पट पडते."

मी पदर खोचला आणि म्हटलं, "बावीस लाख? आधी जेवून घ्या."

खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. इंजिन पावणेतीन लिटरचं, ताकद १७७ घोड्यांची. नगरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की लहान गाडीवाल्याचा जीव टांगणीला लागतो. असल्या गाडीने जरा पाय दाबला की पुढे. सात माणसं बसतात, पंढरपूर-तुळजापूर एका दमात. आणि सगळे सांगतात, या गाडीला जुन्या बाजारात मान आहे, पैसे फार बुडत नाहीत.

आणि एक गोष्ट ते बोलले नाहीत, पण मला ठाऊक होती. नणंदेच्या लग्नात नवऱ्याकडची मंडळी जीपगाड्यांतून उतरली आणि आमची मंडळी मालाच्या टेम्पोतून. तेव्हा हे अठरा वर्षांचे होते. टेम्पोच्या फळीला धरून उभं राहिलेल्या त्या पोराला एकदा तरी लग्नाच्या मांडवापुढे मोठ्या गाडीतून उतरायचं होतं. याला हौस म्हणून हसण्यावारी कसं न्यायचं? म्हणून मी 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं, "वही काढते."

मी बी. कॉम. झालेली. लग्नानंतर पदवी माळ्यावर गेली खरी, पण आमच्या कृषी सेवा केंद्राचा हिशेब मीच लिहिते. त्यामुळे घसारा हा शब्द माझ्या ओळखीचा. वस्तू वापरली की झिजते, आणि न वापरता नुसती ठेवली तरी जुनी होते. तिची किंमत जेवढी उतरते, तो घसारा. आपल्या भाषेत सांगायचं तर, पाटली मोडली की घडणावळ जाते पण सोनं हाती राहतं. गाडीचं तसं नाही. गाडी म्हणजे बहुतेक सगळी घडणावळच!

विमा कंपन्यांचा ठरलेला तक्ताच बघा. नव्या गाडीची विम्यातली किंमत वर्ष पुरं व्हायच्या आत १५ टक्के उतरवतात, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी थेट ५० टक्के. बाजारात एखादी गाडी याहून चांगला भाव खाते, एखादी याहून कमी, पण दिशा खालचीच. शिवाय नवी गाडी घेताना भरलेला कर वेगळा. आपल्या राज्यात डिझेल गाडीला किमतीनुसार १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. म्हणून जुनी गाडी घेण्यात शहाणपण आहे, हे यांचं म्हणणं मला पटलं. पहिली मोठी झीज पहिल्या मालकाने सोसलेली असते. पण उरलेली झीज आपल्याच पदरात पडते ना!

मग मी पाच वर्षांचा हिशेब मांडला. महिन्याला हजार किलोमीटर धरले. हे आकडे आमच्या घरचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच.

मोठी गाडी बावीस लाखांना. आठ लाख रोख, चौदा लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त असतं, ते १२ टक्के धरलं. पाच वर्षांसाठी हप्ता झाला ३१,१४२ रुपये आणि नुसतं व्याज ४ लाख ६८ हजारांच्या पुढे. पाच वर्षांनी गाडी अकरा लाखांना गेली असं धरलं, तर घसारा अकरा लाख, म्हणजे महिन्याला १८,३०० रुपये. व्याज ७,८००. डिझेल नव्वद रुपये आणि लिटरला अकरा किलोमीटर धरून ८,२००. विमा, टायर, सर्व्हिसिंग मिळून वर्षाला लाखभर, म्हणजे महिन्याला ८,३००. एकूण महिना ४२,६०० रुपये!

दुसऱ्या पानावर लहान गाडी. तीन वर्षं वापरलेली, पाच लाखांना. तीन रोख, दोन कर्ज. पाच वर्षांनी अडीच लाखांना गेली तर घसारा महिन्याला ४,१५०. व्याज १,१००. पेट्रोल १०५ रुपये आणि अठराचं अ‍ॅव्हरेज धरून ५,८५०. विमा-देखभाल २,५००. एकूण १३,६०० रुपये.

मैत्रिणींनो, इथे माझेच डोळे उघडले. दारात गाडी आली की येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" पण दोन्ही गाड्यांच्या इंधनातला फरक महिन्याला जेमतेम २,४०० रुपयांचा! घसाऱ्यातला फरक १४,००० रुपयांचा. म्हणजे जे पैसे पंपावर खिशातून जातात ते आपण मोजतो आणि जे दारात उभ्या गाडीतून रात्रंदिवस झिरपतात ते कुणी विचारतही नाही.

"अगं, पण ही गाडी पैसे धरून ठेवते," हे म्हणाले. "अकरा नाही, चौदा लाख येतील."

"चौदा धरू. तरी आठ लाख गेलेच. लहान गाडी अर्ध्यावर आली तरी जातात अडीच. टक्का बघू नका, टक्का कशाचा ते बघा."

मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "औरंगाबादच्या लोकांनी नाही का, एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या?" खरी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. देशभर गाजलं होतं ते. पण त्यांनी गट करून घासाघीस केली, स्टेट बँकेकडून ७ टक्क्यांनी कर्ज मिळवलं. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा घसारा प्राप्तिकरात १५ टक्के दराने खर्च म्हणून दाखवताही येतो. "आपणही दाखवू की," हे म्हणाले. म्हटलं, दाखवू, जेवढी दुकानासाठी वापरू तेवढी. पण शंभर रुपये झिजले तर वीस-तीस रुपयांचा कर वाचेल. उरलेले सत्तर-ऐंशी आपलेच गेले ना? आणि मुळात ती मंडळी घरातल्या मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून गेली नव्हती.

हो, ते आठ लाख रोख म्हणजे लेकीच्या नावाची ठेव होती. ती वहीत आली नव्हती. मी उच्चारल्यावर घरात कुणीच बोललं नाही.

तरी गाडी बघायची ठरली. विकणाऱ्याचा माणूस रविवारी गाडी घेऊन आला. गाडी देखणी, वादच नाही. पण लांबी पावणेपाच मीटरच्या वर, रुंदी सहा फुटांपेक्षा जास्त, आणि आमची गल्ली गावठाणातली. कोपऱ्यावर ती वळेना. शेवटी दोन पोरं मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत राहिली आणि गाडी उलटी रस्त्यापर्यंत न्यावी लागली. मग आत्यांना बसवायचं. त्यांनी एकदा पायरीकडे बघितलं, एकदा लुगड्याकडे.

"आवं, ह्यात चढायला शिडी लागती व्हय?"

घरातून चौरंग आणला. चौरंगावर पाय, मग पायरीवर, मग दोघांनी खालून आधार. आत बसल्यावर त्या खूश झाल्या, पण उतरताना म्हणाल्या, "रात्री माझा जीव घाबरला, तर आधी चौरंग हुडकायचा का?"

सगळे हसले. मी हसले नाही. कारण त्या माणसाने मला अदबीने सांगितलं होतं, "वहिनी, तुम्ही मागं बसा, ऐसपैस आहे." चालवून बघता का, असं मला कुणी विचारलं नाही. यांनीही नाही. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ज्या रात्री जीप शोधत फिरावं लागलं, त्या रात्री हे बियाण्यांच्या कामाला पुण्याला गेले होते. त्या रात्री दारात बावीस लाखांची गाडी असती तरी ती चालवणार कोण होतं?

सोयीची गाडी कोणती याचं उत्तर मला तिथे सापडलं. घरात एकापेक्षा जास्त माणसांना चालवता येईल ती.

आम्ही महिनाभर थांबायचं ठरवलं. थांबलो ते पावसाळाभर. मधल्या काळात मी ड्रायव्हिंग क्लास लावला. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडीने अशी उडी मारली की शिकवणाऱ्याने देवाचं नाव घेतलं! तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. लहान गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्यांना ४० टक्के लागला, पण वरचा उपकर गेल्याने त्यांच्याही किमती उतरल्या. नवी उतरली की जुनीला जुना भाव धरून बसता येत नाही. घाईने घेतली असती तर काही न करता आमची किंमत खाली आली असती, हे यांनीच बोलून दाखवलं.

दिवाळीनंतर लहान गाडी घेतली, पाच लाखांची. ठेवीला हात लावला नाही.

जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असला तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. विम्याचे जुने कागद मागा, अपघाताचा दावा झाला असेल तर कळतो. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तर हुरळू नका. दिल्लीकडे २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. पण तिथली एनओसी, इथली नोंदणी आणि इथला कर धरला की स्वस्ताई आटते. आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यातली किती उरली ते मोजा. शेवटचं म्हणजे, ज्यांना बसायचंय त्यांना बसवून बघा, आणि स्वतः चालवून बघा.

पौषात एका रात्री आत्यांना पुन्हा त्रास झाला. हे घरी नव्हतेच. मी चावी घेतली. आत्या दाराची कड धरून आपल्या आपण आत बसल्या. गल्लीचा कोपरा एका दमात वळला. हात थरथरत होते, पण पहाटेपर्यंत आम्ही तपासून परतही आलो. सकाळी यांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्पच होते. मग एवढंच म्हणाले, "बरं झालं."

आणि मांडवापुढे उतरायची हौस? तीही फिटली. भाचीच्या लग्नाला दोन दिवस मोठी गाडी भाड्याने केली. किलोमीटरला वीस रुपये. घरच्या हत्तीचा हिशेब तर किलोमीटरला बेचाळीस रुपयांवर गेला होता! फेटा बांधून हे पुढच्या सीटवरून उतरले, आणि मी मुद्दाम फोटो काढला. तो दुकानात लावलाय.

आजही रस्त्याने तशी गाडी गेली की ते मान वळवून बघतात. मी काही बोलत नाही. वहीतलं ते पान मात्र फाडलेलं नाही. लेकीचं शिक्षण झालं की पुढचं पान उघडू, असं दोघांनी ठरवलंय. तोवर तीच गाडी आणखी उतरलेली असेल, आणि तो घसारा आमच्या वहीत नसेल!