बोलायला थांबा की बोलणं थांबवा?

समजा, ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरचा नवखा गाईड पर्यटकांना म्हणाला, 'वाघ दिसला की स्टॉप टू टॉक.' त्याला सांगायचं आहे 'बोलणं थांबवा', पण अर्थ निघतो 'बोलायला थांबा'! हवं होतं 'स्टॉप टॉकिंग'.

आपल्या मुलांची इथेच गफलत होते. मराठीत 'बोलणे', उर्दूत 'बोलना'. दोन्हीकडे रूप एकच. इंग्रजीत मात्र दोन: 'टू टॉक' हे इन्फिनिटिव्ह, 'टॉकिंग' हे जेरंड.

'कशासाठी?' याचं उत्तर द्यायचं असेल तर 'टू' येतो: 'शी केम टू मीट अम्मी.' इन, ऑफ, विदाउट यांसारख्या शब्दांनंतर 'इंग' येतो. म्हणून नोकरीच्या अर्जात 'इंटरेस्टेड इन वर्किंग' लिहावं, 'इन टू वर्क' नव्हे.

इतर ठिकाणी बहुधा आधीचं क्रियापदच रूप ठरवतं. वाँट, डिसाइड, होप, प्रॉमिस यांच्यामागे 'टू'; एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांच्यामागे 'इंग'. म्हणून मुलांकडून सुटे शब्द नव्हे, जोड्या पाठ करून घ्या: 'वाँट टू रीड', 'एन्जॉय रीडिंग'.

'रिमेंबर'सारखी काही क्रियापदं दोन्ही रूपं घेतात, पण अर्थ बदलतो. 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायला विसरू नकोस. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे लावल्याचं मला आठवतं. पहिल्यात काम व्हायचं आहे, दुसऱ्यात झालेलं आहे. आज जेवताना मुलांना एवढा एकच फरक विचारून पाहा.