सुटे पैसे आणि रोखीचा हिशेब

प्राथमिक शाळेत रुपये-पैशांचे उदाहरण फळ्यावर मांडले की हल्ली एक नवीच अडचण उभी राहते. 'बारा रुपये पस्तीस पैसे' ही रक्कम मुले बिनचूक वाचतात, तिची बेरीज-वजाबाकीही करतात. परंतु पस्तीस पैसे हातात घेतलेले मूल आज मावळातील एकाही शाळेत सापडणार नाही. वडगावच्या अगर कामशेतच्या बाजारात आईबरोबर गेलेला मुलगा पाहतो ते निराळेच असते. दुकानदार वरच्या पैशांविषयी "राहू द्या" म्हणतो, कधी पुढचा रुपया धरतो, तर कधी सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी ठेवतो. वहीतला हिशेब आणि दुकानातला हिशेब यांची अशी फारकत झाली म्हणजे गणित हे केवळ परीक्षेपुरते असते, अशी मुलाची समजूत होते. वस्तुतः त्या "राहू द्या" या शब्दांत गणित आहे आणि न्यायाचा प्रश्नही आहे. तो प्रश्न शिक्षकांनी वर्गात कसा उलगडावा, याचा विचार येथे केला आहे.

नाणे गेले, परिमाण राहिले

प्रथम वस्तुस्थिती स्पष्ट असावी. 25 पैसे व त्याहून कमी किमतीची सर्व नाणी 30 जून 2011 पासून भारतात कायदेशीर चलन राहिली नाहीत. पन्नास पैशांचे नाणे मात्र रद्द झालेले नाही. 2011 च्या नाणे अधिनियमाप्रमाणे ते दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर आहे, आणि एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर आहेत. बाजारात आठ आणे कोणी घेत नाही हा लोकांचा रिवाज झाला; तो कायदा नव्हे.

लहान नाणी का जातात, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. वस्तूंचे भाव वाढत गेले की एका लहान नाण्यात काहीच विकत मिळेनासे होते. लोक ते डब्यात टाकून ठेवतात. पुन्हा बाजारात आणीत नाहीत. उलट ते पाडण्यास लागणाऱ्या धातूचा व मजुरीचा खर्च वाढत जातो, आणि अखेरीस नाण्याच्या किमतीपेक्षा ते पाडण्याचा खर्च अधिक होतो. अमेरिकेत व्यवहारासाठी एक सेंटचे नाणे पाडणे 2025 च्या नोव्हेंबरात थांबले, त्याचेही हेच कारण होते.

परंतु नाणे गेले म्हणून पैसा हे परिमाण गेले नाही. रुपयाचे शंभर भाग आजही होतात. पेट्रोलचा दर, विजेचे देयक, बँकेतील व्याज, दुधाचा भाव ही सर्व पैशांनिशीच मोजली जातात. भ्रमणध्वनीवरून रक्कम पाठविताना एक पैसाही अचूक पाठविता येतो. तेव्हा अडचण मोजण्यात नाही, ती केवळ रोख देण्याच्या क्षणी आहे. मोजणे अचूक करावे आणि देताना जवळची पूर्ण रक्कम धरावी, हा भेद मुलांच्या मनावर प्रथम ठसला पाहिजे. जवळची पूर्ण रक्कम धरण्याच्या या रीतीस गणितात 'आसन्न किंमत काढणे' असे म्हणतात.

1957 सालचा धडा

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो 1 एप्रिल 1957 रोजी. त्या दिवसापासून दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोवर एका रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे व पैशाच्या तीन पै असत. म्हणजे रुपयाचे 64 पैसे अगर 192 पै होत. नव्या पद्धतीत त्याच रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. 'नवा' हे विशेषण पुढे 1 जून 1964 पासून गळाले.

जुनी व नवी नाणी काही वर्षे बरोबरच चालली, त्यामुळे प्रत्येक व्यवहारात एका नाण्याचे दुसऱ्यात रूपांतर करणे भाग पडले. एक आणा म्हणजे 6.25 नवे पैसे, दोन आणे म्हणजे 12.50, तीन आणे म्हणजे 18.75. पाव नव्या पैशाचे नाणे तर नव्हते. यासाठी 1955 च्या नाणे दुरुस्ती कायद्यात नियम घालून दिला होता, तो असा: अर्धा नवा पैसा अगर त्याहून कमी असलेला अपूर्णांक सोडून द्यावा, अर्ध्याहून अधिक असल्यास एक पूर्ण नवा पैसा धरावा. त्याप्रमाणे एक आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19 आणि चार आण्यांचे 25 नवे पैसे झाले. चार, आठ, बारा व सोळा आणे एवढ्याच रकमा अपूर्णांकावाचून पूर्ण उतरत; म्हणूनच पावली व अधेली यांविषयी कोणाची तक्रार होण्याचे कारण नव्हते. आज नाणे दिसत नसले तरी 25 व 50 पैशांना 'चार आणे' व 'आठ आणे' म्हणण्याची आपली सवय त्या पूर्ण उतरणाऱ्या रकमांचीच आहे.

आता या नियमाचा परिणाम पाहावा. जुना एक पैसा म्हणजे 1.5625 नवे पैसे. अपूर्णांक अर्ध्याहून अधिक, म्हणून त्याचे दोन नवे पैसे धरावयाचे. ज्याने एकदम एक रुपयाचा माल घेतला, त्याने शंभर नवे पैसे दिले. परंतु ज्याने तोच माल एकेका जुन्या पैशाचा करून चौसष्ट वेळा घेतला आणि दर वेळी दोन नवे पैसे मोजले, त्याने एकंदर 128 नवे पैसे दिले. उलटपक्षी, एकेका आण्याचा माल सोळा वेळा विकणाऱ्यास 96 नवे पैसेच मिळाले, म्हणजे त्याला चार नव्या पैशांची तूट आली. नियम एकच, रुपयाही एकच. परंतु व्यवहाराचे तुकडे जसे पडले, तसा नफा-तोटा बदलला. आणि पैशा-पैशाचे मीठमिरची घेणारा कोण, हे सांगावयास नको. ज्याच्या हाती एका वेळी अधिक रक्कम नसते, तोच लहान तुकड्यांनी खरेदी करतो.

आज तेच घडते काय?

घडते, आणि मुलांना ते सहज पडताळता येते. समजा, तूरडाळीचा भाव किलोस 130 रुपये आहे. एका घरी महिन्याची एक किलो डाळ एकदम आणतात. त्यांना 130 रुपये पडतात. दुसऱ्या घरी मजुरी मिळेल त्या दिवशी पन्नास ग्रॅम डाळ आणतात. पन्नास ग्रॅमचे साडेसहा रुपये होतात. सुटे आठ आणे नाहीत म्हणून दुकानदार सात रुपये घेतो. वीस वेळांत एक किलो डाळ पुरी होते आणि त्या घराचे 140 रुपये खर्च होतात. एका किलोमागे दहा रुपये अधिक गेले, ते भाव वाढला म्हणून नव्हे, तर दर वेळी पूर्ण रुपया वर धरला म्हणून.

दुधाच्या हिशेबात हेच उलट्या बाजूने दिसते, कारण तेथे गावकरी विकणारा असतो. समजा, एका शेतकऱ्याचे दूध रोज 3 लिटर 400 मिलिलिटर भरते व भाव लिटरला 34 रुपये 20 पैसे आहे. रोजचे 116 रुपये 28 पैसे झाले. रोजच्या रोज वरचे 28 पैसे सोडले तर दहा दिवसांचे 1160 रुपये मिळतील. पैशांसह लिहीत जाऊन दहाव्या दिवशी बेरीज केली तर 1162 रुपये 80 पैसे होतात, आणि जवळचा रुपया धरल्यास 1163 रुपये मिळतात. दहा दिवसांत तीन रुपयांचा फरक पडला. वर्षातील अशा छत्तीस हिशेबांत 108 रुपयांचा पडेल. एवढ्या रकमेत एका मुलाच्या वर्षाच्या काही वह्या येतात.

यावरून पहिला नियम निघतो: अपूर्णांक लिहीत जावे, बेरीज अचूक करावी आणि जवळची रक्कम एकदाच, अगदी शेवटी धरावी. किराणा उधारीवर आणणाऱ्या घरांनी दुकानदाराच्या वहीत प्रत्येक नोंद पैशांसह करवून घ्यावी. रुपया पुरा करावयाचा तो खाते चुकते करताना.

अर्ध्याचा प्रश्न

दुसरी गोष्ट अर्ध्याची. 40 पैसे शून्याजवळ आहेत व 60 पैसे रुपयाजवळ आहेत, याविषयी वाद नाही. परंतु 50 पैसे दोन्हींपासून सारख्याच अंतरावर असतात. ते कोणीकडे ढकलावयाचे हे गणित सांगत नाही. तो ठरावाचा प्रश्न आहे. 1955 च्या कायद्याने नेमका अर्धा सोडून दिला होता. त्याउलट 2017 च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाने कराची रक्कम पूर्ण रुपयांत धरताना 50 पैसे अगर अधिक असल्यास पूर्ण रुपया धरावा व कमी असल्यास सोडावे असे ठरविले आहे. दोन्ही नियम आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, कारण दोन्ही आधी जाहीर केलेले आहेत.

लोणावळ्याच्या चिक्कीचे उदाहरण येथे मुलांना आवडेल. समजा, भाव किलोस 330 रुपये आहे. पाव किलोचे 82 रुपये 50 पैसे होतात. जुन्या नियमाने 82, नव्या नियमाने 83 रुपये द्यावे लागतील. चार मित्रांनी नव्या नियमाने वेगवेगळे पाव-पाव किलो घेतले तर 332 रुपये, आणि चौघांनी मिळून एक किलो घेऊन वाटून घेतले तर 330 रुपये लागतील. जुन्या नियमाने वेगवेगळे घेतले तर 328 रुपयांतच भागेल, म्हणजे दोन रुपये दुकानदाराचे जातील. कोणता नियम कोणाच्या सोयीचा, हे मुले स्वतःच बोलून दाखवतील.

रुपयाऐवजी पाच रुपयांचे माप धरले तरी रीत तीच राहते. 2018 साली राज्य परिवहन महामंडळाने एस. टी.चे भाडे सुट्या पैशांच्या अडचणीमुळे पाच रुपयांच्या पटीत धरण्याचे ठरविले; सात रुपयांचे पाच आणि आठ रुपयांचे दहा घ्यावयाचे, असा तो नियम होता. पूर्ण रुपयांत भाडे असल्याने तेथे नेमका अर्धा, म्हणजे अडीच, कधी येतच नाही. म्हणून वादही येत नाही. माप विषम असले की अर्ध्याची अडचण टळते, हे चाणाक्ष मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

कॅनडा देशाने एका सेंटच्या नाण्याचे वितरण 4 फेब्रुवारी 2013 पासून थांबविले, तेव्हा तेथेही पाच सेंटचे माप धरण्यात आले. शेवटी 1 अगर 2 सेंट आल्यास सोडावे. 3 अगर 4 आल्यास पाच धरावे. हे सर्व वस्तूंच्या व करासह झालेल्या एकूण रकमेस लावावे, एकेका वस्तूस नव्हे; आणि केवळ रोख देताना लावावे. कार्डाने अगर धनादेशाने देणाऱ्यास सेंटपर्यंत अचूक रक्कम द्यावी लागते. हा शेवटचा भाग आपल्यालाही विचार करण्याजोगा आहे. जेथे पैसा-पैसा अचूक देता येतो, तेथे पूर्ण रुपया धरण्याचे कारणच उरत नाही.

वर्गातील पाठ

हा विषय दोन तासांत घेता येईल. पहिल्या तासाला मुलांकडून घरातील एखादे किराण्याचे अगर विजेचे देयक आणवावे. प्रत्येक मुलाने त्यातील रकमांची बेरीज दोन प्रकारे करावी: एकदा प्रत्येक रक्कम आधी पूर्ण रुपयांत धरून, व एकदा अचूक बेरीज करून शेवटी रुपया धरून. दोन्ही उत्तरांतील फरक फळ्यावर मांडावा. काहींचा फरक वाढीचा निघेल, काहींचा घटीचा, काहींचा शून्य. सर्व रकमा 90-95 पैशांवर संपत असतील तर फरक घटीचा कधीच का येत नाही, हा प्रश्न मोठ्या मुलांना घालावा.

दुसऱ्या तासाला शाळेच्या बाल आनंद मेळाव्यासारखा बाजार मांडावा. पुठ्ठ्याची नाणी करताना एक रुपयाखालील नाणे ठेवू नये, मात्र भाव पैशांत लिहावेत. बाजार सुरू होण्यापूर्वी मुलांनीच सभा भरवून अर्ध्याचा नियम ठरवावा व तो दाराशी लिहून लावावा. मागाहून नियम बदलू देऊ नये. सुट्या पैशांऐवजी गोळी दिली तर ती घेण्यास गिऱ्हाईक बांधलेले नाही, हेही सांगावे. गोळी हे चलन नव्हे. मात्र दुकानदार लबाडच असतो असे शिकवू नये. सुटे नसण्याची अडचण त्यालाही असते, आणि "राहू द्या" म्हणून पुष्कळदा तोच पैसे सोडतो.

जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करवीत, ते बाजारात मुलगा फसू नये म्हणून. ती नाणी गेली, ती पाठांतरेही मागे पडली. पण हेतू मागे पडता कामा नये. हिशेबाचा प्रामाणिकपणा मोठ्या रकमांत सहज पाळला जातो, कारण तेथे सर्वांचे लक्ष असते. पन्नास ग्रॅम डाळीच्या आठ आण्यांकडे कोणाचे लक्ष नसते. तेथे 'पै न पै' चोख ठेवण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला अपूर्णांकांचा धडा खऱ्या अर्थाने समजला असे म्हणता येईल.