एक्क्याच्या पाठीवरचा दोर

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की लालबाग-परळच्या मैदानांत आणि गिरगावातल्या वाड्यांच्या अंगणांत रात्री दहीहंडीच्या सरावाचे थर लागू लागतात. कामावरून आलेली पोरं डबा बाजूला ठेवून खांद्याला खांदा लावतात. खाली मुरलेले, वजनदार गडी, मधे चपळ पोरं आणि सगळ्यांत वर एक्का, पथकातला सर्वांत हलका जीव. पथक घडतं ते या सव्वा महिन्यात. गोविंदाच्या हेल्मेटची आणि हार्नेसची चर्चा मात्र आपण काल्याच्या दिवसापुरतीच करतो. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटर उंची गाठली आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. तेरा मीटरवरून माणूस मधे कुठेही न अडकता पडला, तर तो ताशी सुमारे ५८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेल्या वीस फुटांच्या मर्यादेतसुद्धा हा वेग ३९ किलोमीटर भरतो, म्हणजे चार-पाच थर लावणाऱ्या गल्लीतल्या पथकालाही साधनं लागतातच. २०१७ मध्ये उंचीची अट उठली. १४ वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही आणि हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, गाद्या यांची सोय असेल, अशी हमी तेव्हा सरकारने दिली. पण हेल्मेट कोणतं आणि बेल्ट कसला, हे शेवटी मंडळाच्या खजिनदारालाच ठरवावं लागतं.

आधी हार्नेसचं बघू. नुसता कमरेचा पट्टा एक्क्याला घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पडताना सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो आणि मूल उलटं लटकू शकतं. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, दोर पाठीवरच्या कडीत अडकवलेला हवा आणि माप त्याच मुलाचं हवं. मोठ्याचा हार्नेस आवळून लहानाला बसवला तर तो खांद्यावरून निसटतो. हे माप गुरुपौर्णिमेलाच घ्यावं, काल्याच्या सकाळी ट्रकमध्ये बसून नव्हे.

त्याहून नाजूक काम दोर धरणाऱ्याचं. एक्का चढतो तसतसा दोर वर ओढत राहायचा. ढील राहिली तर तेवढं अंतर तो मोकळा पडणार, फार ताणला तर पायाखालच्या गड्याचा तोल जाणार. सह्याद्रीत कडे चढणारे याला बिले देणं म्हणतात आणि ते शिकायला महिने घालवतात. गिरिविहारसारखी संस्था १९५४ पासून मुंबईत आहे. अशा गिर्यारोहकांना सरावाच्या चार रात्री मैदानावर बोलवावं, दोर धरणारे दोघं तयार करून घ्यावेत. नवा हार्नेस विकत घेण्याइतकंच हे मोलाचं आहे.

दोर अडकवायचा कुठे, हा प्रश्न आमच्या भागात फार अवघड होतो. ठाण्याच्या रुंद चौकात क्रेन उभी राहते. गिरगावातल्या वाडीच्या बोळात ती शिरतच नाही. मग कुणीतरी चाळीच्या गॅलरीचा लाकडी कठडा दाखवतं. शंभर पावसाळे खाल्लेलं ते लाकूड हंडीचा भार कदाचित पेलेल, पडत्या जिवाचा झटका पेलेलच असं नाही. दोर इमारतीच्या भक्कम खांबाला किंवा तुळईलाच बांधायचा. तशी जागा नसेल तर त्या हंडीला थर कमी लावायचे. शिवाय दोर थरांच्या बरोबर डोक्यावर हवा. तो बाजूला असला तर पडलेला एक्का झोका घेऊन थेट भिंतीवर जातो.

हेल्मेटच्या बाबतीत स्पेनमधल्या कातालोनियाकडे बघावं. तिथले मानवी मनोरे, कास्टेल्स, युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. २००६ मध्ये मातारोच्या पथकातली १२ वर्षांची मुलगी मनोऱ्यावरून पडून गेली. त्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांसाठी खास हेल्मेट आलं, मऊ फोमचं, कडक कवच नसलेलं. कारण पडणारं मूल सोबत्यांच्याच डोक्यांवर आणि पाठींवर पडतं. त्याचं डोकं वाचवताना खालच्याचा जबडा फुटू नये, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे तसं हेल्मेट मिळत नसेल तर गिर्यारोहणाचं हलकं हेल्मेट बरं. बांधकामावरचं हेल्मेट नको, कारण त्याचा हनुवटीचा पट्टा थोड्या ताणाने सुटावा अशीच त्याची रचना असते. मोटरसायकलचंही नको, ते मानेला जड होतं आणि खालून दिलेली हाक ऐकू देत नाही.

गाद्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर पायाच्या थराखाली जाड, मऊ गादी टाकू नये. पाय रुततात आणि हललेला पाया वरचं सगळं हलवतो. तिथे पातळ, घट्ट मॅट हवी आणि जाड गाद्या घेऱ्याच्या बाहेर.

हे सगळं सरावात का हवं, याचं उत्तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला मिळालं. काल्याला अजून काही दिवस होते. सराव चालू असताना ११ वर्षांचा मुलगा वरच्या थरावरून कोसळला आणि गेला. वयाची अट मोडलेली होतीच. पण कोणत्याही पथकाचं बघा, सरावाच्या रात्री क्रेन नसते, आयोजक नसतो, कॅमेरे नसतात, आणि थर तर त्याच रात्रींत सर्वांत जास्त कोसळतात. नवा गडी कुठे कच्चा आहे, हे पडल्याशिवाय कळत नाही. बक्षिसाच्या पैशातून टी-शर्ट आणि ट्रक येतात. त्याआधी मैदानावर कायमचा एक भक्कम लोखंडी खांब, कप्पी आणि दोन मापांचे हार्नेस यावेत, असं मी प्रत्येक मंडळाच्या बैठकीत हात जोडून सांगेन.

त्यात एक हार्नेस प्रौढ मापाचाही असू द्या. त्याच वर्षी काल्याच्या दिवशी मानखुर्दला ३२ वर्षांचा माणूस पडून गेला. तो कुठल्याच थरात नव्हता, हंडीचा दोर बांधत होता.