पडून राहण्याचे पथ्य

घरातले वडील माणूस आजारी पडले की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते असे : "आता तुम्ही काही करू नका, स्वस्थ पडून राहा." या वाक्यात माया असते, आणि खरे सांगायचे तर आपली थोडी सोयही असते. श्रोतेहो, आज आम्हांला या वाक्याविरुद्धच चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या मातोश्री पंचाहत्तरीपर्यंत सकाळी उठून भाजी निवडीत, वाती वळीत, तुळशीला पाणी घालीत. एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. तो चौथ्या दिवशी उतरला. पण आम्ही भावंडांनी त्यांना तीन आठवडे खाटेवरून उतरू दिले नाही. जेवण खाटेवर, चूळ भरणे खाटेवर. "जरा ओट्यापर्यंत जाऊन येते रे," असे त्या म्हणाल्या की आम्ही "नको आई, पडशील" म्हणून त्यांना परत निजवीत असू. शेवटी उभे केले तेव्हा पाय लटलट कापू लागले. पुढे कोणाच्या हाताचा आधार घेतल्यावाचून त्या स्वयंपाकघरात कधीच गेल्या नाहीत. तापाने केले नाही ते आम्ही केले, हे समजायला आम्हांला फार उशीर लागला.

असे का व्हावे? स्नायू वापरला तरच टिकतो. तरुण माणूस आठवडाभर पडून राहिला तरी झालेली झीज भरून काढतो. म्हाताऱ्या माणसाची शिल्लकच बेताची असते. अमेरिकेत काही संशोधकांनी सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांतले मांस सुमारे एक किलोने घटलेले आढळले. ही माणसे धडधाकट होती, नेमाने जेवत होती. मग जिची अन्नावरची वासना गेली आहे, जी चहा-बिस्किटावर आणि मऊ भातावर दिवस काढते आहे, तिचे काय होत असेल याची कल्पना करावी.

नुकसान पायांपुरतेच थांबत नाही. रिचर्ड अॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी १९४७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण मर्मभेदी लेख लिहिला. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्त गोठते, सांधे आखडतात, हाडांतला चुना कमी होतो, मलावरोध होतो आणि मनही मलूल होते, असा एकेका अवयवाचा हिशेब त्यांनी मांडला. त्याच्याही आधी, १९३५ साली, त्याच शहराच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंकडे सातशेच्यावर जुनाट रुग्णांची जबाबदारी आली. त्यांतले पुष्कळजण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले वृद्ध होते. बाईंनी एकेकाला नीट तपासले, कोणाला बसवले, कोणाला चालवले. आणि ज्यांच्याबद्दल सर्वांनी आशा सोडली होती अशी कितीतरी माणसे घरी परतली. वृद्धांच्या वैद्यकाचा ब्रिटनमधला पाया इथे घातला गेला असे मानतात.

तर मग घरी काय करावे? ताप उतरला, डॉक्टरांनी मोकळीक दिली की त्याच दिवशी माणसाला खुर्चीत बसवावे. जेवण तरी खुर्चीतच. मात्र झोपलेल्याला एकदम उभे करू नये. वृद्धांचा रक्तदाब उठताना झपकन उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी खाटेच्या कडेला पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसू द्यावे. खुर्ची फार खोलगट नको. तिच्यावरून दिवसातून काही वेळा, जमल्यास हातांचा टेका न घेता, उठणे-बसणे हा फार उत्तम व्यायाम आहे. पडण्याच्या भीतीने माणसाला निजवून ठेवण्यापेक्षा पडण्याची कारणे काढून टाकावीत. मोरीत पकडायला दांडी बसवावी, ओली फरशी पुसावी, दुमडलेली सतरंजी उचलावी, रात्री एक लहान दिवा जळता ठेवावा. वरण, दूध, दही, चालत असेल तर अंडे, यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. म्हातारपणी तहान मंदावते. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आपण होऊन पुढे करावे लागते. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे पथ्य असेल तर मात्र या दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात, हेही सांगून ठेवतो. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी म्हातारी माणसे झोकांड्या खातात, गोंधळतात. काल बरे बोलणारे माणूस आज असंबद्ध बोलू लागले, तर "वयच झाले" म्हणून सोडून देऊ नये. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, रक्तातले घटलेले मीठ किंवा नवे औषध असे त्याचे कारण असू शकते आणि त्यावर बहुधा उपाय असतो. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा छातीत दुखले, धाप लागली, तर तेथे चालण्याचा आग्रह नको, डॉक्टरच हवेत. खुब्याचे हाड मोडले तर आजकाल शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

राहता राहिली सेवा करणारी व्यक्ती. आपल्याकडे ती बहुधा सून असते, नाहीतर लेक. आणि तिचे कौतुक करून बाकीचे मोकळे होतात. निजवून ठेवलेल्या माणसाचे सर्व काही तिलाच करावे लागते; उचलता उचलता तिची कंबर जाते, रात्री चारदा उठून डोक्याचे भुस्कट होते. म्हणून आठवड्यातल्या काही रात्री घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, मुलाने म्हणा, जावयाने म्हणा, उठण्याची पाळी घ्यावी. आणि दुपारी तिला दोन तास निजू द्यायचे असेल, तर आजींना खुर्चीत बसवून त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवावी. त्या हळूहळू निवडतील, मध्येच काड्याही पाल्यात जातील, जाऊ द्याव्यात.