माळ्यावरची टाकी, भिंतीवरचा काटा

सकाळी ७.००
जानेवारीतलं शेफील्ड. उजाडायला अजून तासभर तरी आहे. थंडी कडक झाली की वर्षभर गप्प बसलेली दुखणी एकदम बोलू लागतात आणि हीटिंगवाल्याचा फोन थांबत नाही. गळ्यात गॅस सेफ नोंदणीचं कार्ड, गाडीत मागे पाइप आणि फिटिंगं, खिशात लोहचुंबक. आज चार घरं. बहुतेक ठिकाणी प्रश्न एकच निघणार आहे: टाकीवालं उघडं हीटिंग बरं, की सील केलेलं?

सकाळी ८.१५
वॉकली. चढावर दगडी घरांची रांग. आजी ऐंशीच्या पुढच्या. “ये लव्ह, चहा टाकलाय.” या गावात अनोळखी बाप्यालाही लव्ह म्हणतात, सुरुवातीला मी लाजायचो.

वरच्या खोल्या गार, बॉयलर खदखदतोय. रेडिएटरमधली हवा सोडायला चावी फिरवली, तर हवा बाहेर यायची ती उलट आत ओढली गेली. रोग तिथेच कळला. आजींकडे उघडी पद्धत आहे. रेडिएटरांतून फिरणारं पाणी तापलं की फुगतं, शंभर लिटरमागे साधारण तीन लिटर. त्याला जागा मिळावी म्हणून माळ्यावर एक छोटी टाकी असते. तिच्यातून एक बारीक पाइप खाली उतरतो, कमी पडलेलं पाणी भरून काढतो. दुसरा पाइप खालून वर येतो आणि टाकीवर वाकून उघडा राहतो, वाफेला वाट म्हणून.

टाकी काठोकाठ भरलेली, खाली मात्र पाण्याचा दुष्काळ. उतरता पाइप जिथे गरम पाइपाला मिळतो तिथे चुंबक टेकवला, तो चिकटला. तांब्याला चुंबक चिकटत नाही. आत रेडिएटरांच्या गंजाचा काळा गाळ दगडासारखा बसलेला. तुकडा कापून काढला. आतलं भोक पेन्सिलीच्या शिशाएवढं उरलं होतं.

“भाचा म्हणतो, टाकीच काढून टाक. आता सगळे सीलच करतात.”

भाच्याचं म्हणणं चूक नाही. टाकीचं तोंड हवेला उघडं, त्यातून प्राणवायू पाण्यात मिसळतो, रेडिएटर आतून गंजतात आणि हा गाळ होतो. पण घर बघा. तळमजल्याचे पाइप काँक्रीटखाली, रेडिएटर चाळीस वर्षांचे. आज त्या पाइपांवर जेमतेम अर्धा बार दाब आहे. सील केलं तर थंड असतानाच एक ते दीड बार, तापल्यावर दोनच्या आसपास. एखादा जोड सुटला तर फरशी फोडावी लागणार. शिवाय दाब उतरला की ओट्याखाली वाकून पाणी भरायचा व्हॉल्व फिरवायला आजींचे गुडघे आणि बोटं तयार नाहीत. मी नवा तुकडा जोडला, यंत्रणा धुतली, गंजरोधक घातलं, टाकी ठेवली.

माळ्यावरून उतरण्याआधी शेजारची मोठी टाकीही पाहिली. ही नळाच्या गरम पाण्याच्या सिलिंडरला पाणी पुरवते. २००६ साली टाँटनमध्ये सिलिंडरमधल्या इमर्शन हीटरचा थर्मोस्टॅट बिघडला, उकळतं पाणी माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत जात राहिलं, टाकी कोसळली आणि खाली निजलेलं बाळ गेलं. म्हणून टाकीखाली अखंड फळी आहे का आणि इमर्शनला दुसरा, आपोआप तोडणारा कटआउट आहे का, हे बघितल्याशिवाय मी शिडी उतरत नाही.

सकाळी ११.३०
हिल्सबरो. साताऱ्याकडचं तरुण डॉक्टर जोडपं. “दादा, काटा परत शून्यावर! दर दोन-तीन दिवसांनी भरतोय.”

इथे कॉम्बी बॉयलर, सगळं सीलबंद. फुगणाऱ्या पाण्यासाठी बॉयलरच्या पाठीशी लाल डबा असतो. मधे रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की हवा दबते. हीटिंग लावून दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. एकावरून थेट तीनवर. तीनला सुरक्षा व्हॉल्व उघडतो, पाणी बाहेरच्या पाइपातून अंगणात जातं आणि बॉयलर गार झाला की काटा शून्यावर.

डब्याची हवेची पिन दाबली. पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला. काहीच आलं नाही, म्हणजे नुसती हवा गेलेली. पाण्याचा दाब पूर्ण सोडून पंपाने एक बार हवा भरली. सुरक्षा व्हॉल्वही बदलला, कारण एकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो ठिबकतच राहतो.

“अहो, आधीच्या घरी टाकी होती, तिथे कधी काही झालं नाही,” वहिनी म्हणाल्या.

झालं असेल; कळलं नसेल. उघड्या पद्धतीत गळती असली तरी टाकीचा बॉलकॉक गुपचूप पाणी भरत राहतो, रोज ताजं पाणी, रोज ताजा गंज. सीलमध्ये काटा लगेच चुगली करतो. मला हा चुगलखोर आवडतो, पण काट्याकडे बघणारं माणूस घरात हवं. निघताना पाणी भरायची लवचीक नळी काढून त्यांच्या हातात दिली. नियमाने ती कायम जोडून ठेवायची नसते.

दुपारी २.००
होप व्हॅलीतलं एक गाव. बर्फाचं पाणी रस्त्यावर. घरात लाकूड-कोळशाची शेगडी, तिच्या पाठीला पाण्याचा बॉयलर. मालकांना शेगडी ठेवून जोडीला नवा बॉयलर हवाय, आणि सगळं सील. इथे माझा नकार ठाम. गॅस बटणाने विझतो, निखारा विझत नाही. वीज गेली, पंप थांबला, तरी शेगडी पाणी उकळवतच राहते. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचं तोंड कुणी झाळून बंद केलं तर काय होईल, तेच. शेगडीची बाजू उघडीच राहू द्या; नवा बॉयलर सील करायचा तर दोघांमध्ये हीट एक्स्चेंजर घाला, म्हणजे उष्णता पलीकडे जाईल, पाणी एकमेकांत मिसळणार नाही. शेगडीच्या कामाची नोंदणी माझ्याकडे नाही, हेटासवाला बोलवा, म्हटलं. पैसे फक्त फेरीचे घेतले.

दुपारी ४.१५
क्रूक्स, टेकडीच्या माथ्यावर. अंधारून आलंय. माळ्यावर खोली काढायची आहे, त्यामुळे दोन्ही टाक्या जाणार. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. रेडिएटरांचं पाणी सील करणं वेगळं आणि नळाचं गरम पाणी थेट मुख्य लाइनच्या दाबावर आणणं वेगळं. पहिलं या घरात बेलाशक करता येईल. पाइप दिसतात, रेडिएटर नवे आहेत. दुसऱ्यासाठी आधी मोजायला हवं. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून मापाचं भांडं धरलं: मिनिटाला अकरा लिटर. वर बाथरूमचा नळ उघडायला सांगितला, निम्म्यावर आलं. रस्त्यावरून येणारा पाइप शिशाचा, जुना. यावर दोन शॉवर चालणार नाहीत, सिलिंडर कितीही महागडा घ्या.

“म्हणजे टाकीच बरी होती?”

“या पाइपावर, हो.”

संध्याकाळी ७.३०
जेवणाआधी क्रूक्सचं कोटेशन. रस्त्यापासून घरापर्यंत नवा प्लास्टिकचा पाइप पहिल्या ओळीत. मग टाक्या काढणे, हीटिंग सील करणे, दाब देऊन रात्रभर तपासणे. सिलिंडरचा आकडा मुद्दाम रिकामा सोडला. नवा पाइप पडल्यावर पुन्हा भांडं धरीन, मग भरीन.