‘गॅस असेल’ म्हणण्यात जाणारे तास

छातीत दुखू लागले की आपल्या घरात आधी सोडा, मग ओवा, मग बाम. त्यानेही थांबले नाही तर गल्लीतल्या डॉक्टरांचे एक इंजेक्शन. तोवर तीन-चार तास गेलेले असतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

देशातल्या 50 शहरांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची एक मोठी पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत साधारण सहा तास जात होते. महिन्याभरात श्रीमंत रुग्णांपैकी शंभरी 5.5 दगावले, गरिबांपैकी 8.2. पण कोणाला काय उपचार मिळाले हे हिशेबात धरल्यावर हा फरक उरलाच नाही. म्हणजे गरिबाचे हृदय कच्चे नव्हते, त्याला उपचार कमी मिळाले. ‘आयुष्य तेवढंच होतं’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

मोठे हॉस्पिटल लांब असले तरी वाट आहे. लहान रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, मग अँजिओप्लास्टीसाठी पुढे पाठवता येते. तामिळनाडूत लहान रुग्णालये, रुग्णवाहिका आणि मोठी केंद्रे अशी जोडली, तेव्हा वर्षभरातले मृत्यू शंभरी 17.6 वरून 14.2 वर आले. हे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगले लागू पडते. बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात रात्री ईसीजी निघतो का, हे इंजेक्शन शिल्लक असते का, हे आजच विचारून ठेवा. विचारणे हा आपला हक्क आहे.

छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक असतात. बायकांना आणि शुगरवाल्यांना मात्र कधी नुसता दम लागतो, मळमळते, गळून जायला होते. वॉर्डात अशा बाया ‘पित्त’ म्हणून उशिरा आलेल्या मी पुष्कळ पाहिल्या.

लगेच 108 ला फोन करा. रुग्णाला जिना उतरायला लावू नका, स्कूटरवर बसवू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर 108 वर विचारून 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी देऊ नका, बीपी एकदम उतरू शकते. दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे न राहता ‘छातीत दुखतंय, आधी ईसीजी काढा’ असे मोठ्याने सांगा. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणे थांबले नसेल, तर थोड्या वेळाने पुन्हा काढायला लावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत, घरातल्या सर्वांना सापडेल असे ठेवा.