लंगडी शेळी विकण्यापूर्वी

आपल्या वस्तीतील भूमिहीन कुटुंबाच्या नावावर सातबारा नसतो, पण दारात दोन-तीन शेळ्या असतात. मुलांची वह्या-पुस्तके, आजारपण, अडीअडचण हे सारे या शेळ्यांवर निभते. त्यांची निगाही बहुतांशी आपल्या माता-भगिनीच राखतात. अशी शेळी एके दिवशी पाय उचलून चालू लागली की घरात काळजी पसरते. दलाल हे बरोबर हेरतो. 'लंगडी झाली, आता काय कामाची?' असे म्हणून तो निम्म्या किमतीत मागतो आणि घाबरलेले कुटुंब देऊन टाकते.

येथे थोडा हिशेब मांडावा. शेळी पाच महिन्यांत विते आणि उस्मानाबादी जातीची शेळी पुष्कळदा जुळी करडे देते. गाभण शेळी लंगडी म्हणून विकली, तर आपण एक नव्हे तीन जनावरे विकतो. पायातला काटा मात्र पाच मिनिटांत निघतो. म्हणून निर्णय दलालाच्या बोलण्यावर नव्हे, शेळीचा पाय हातात घेऊन करावा.

आधी पाय पाहावा

लंगडणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. शेळी चालवून कोणता पाय दुखतो ते ठरवावे. एकाने शेळी धरावी, दुसऱ्याने खूर पाण्याने धुऊन पाहावा. बाभळीचा काटा, काच, तारेचा तुकडा बहुधा दोन खुरांच्या बेचक्यात सापडतो. तो काढून जखम स्वच्छ धुवावी व आयोडीन लावावे. खुरात काही नसेल, तर खालून वर हात फिरवून सूज किंवा गरमपणा कोठे आहे ते दुसऱ्या पायाशी ताडून पाहावे. शेळीच्या अंगाचे तापमान १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. म्हणून माणसाच्या मापाने तिला ताप आहे असे समजू नये.

पावसाळ्यात चिखलात उभे राहून खूर सडतो. त्याला घाण वास येतो. वाढलेला खूर छाटून, स्वच्छ करून मोरचुदाच्या पाण्यात काही मिनिटे पाय बुडवावेत. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो मोरचूद पुरे. मोरचूद पोटात गेल्यास विष आहे, म्हणून शेळीला आधी साधे पाणी पाजावे आणि उरलेले पाणी उघडे ठेवू नये. नंतर शेळी कोरड्या जागी बांधावी. दर दोन-तीन महिन्यांनी खूर छाटले, तर हे दुखणे बरेच टळते.

एकाच वेळी अनेक शेळ्या लंगडू लागल्या, ताप आला, तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड दिसले, तर लाळ्या-खुरकुताचा संशय घ्यावा. शेळीत तोंडाचे फोड बारीक असतात, लंगडणेच आधी दिसते. अशी जनावरे वेगळी बांधावीत, बाजारात नेऊ नयेत आणि दवाखान्यात ताबडतोब कळवावे.

हाड मोडल्यास

पाय लोंबत असेल, तर हाड मोडले असे समजावे. ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये. पायाभोवती कापूस किंवा मऊ फडके गुंडाळावे. त्यावर बांबूच्या कामट्या अशा बांधाव्यात की मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा हलणार नाही. बांधणी आवळू नये. खालचा भाग गार पडला किंवा सुजला, तर लगेच सैल करावी. हाड बाहेर आले असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांकडे न्यावे. प्लास्टर डॉक्टरांनीच घालावे. करडाचे हाड साधारण तीन-चार आठवड्यांत जुळते, मोठ्या शेळीला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर चरायला न सोडता चारा-पाणी जागेवर द्यावे. पाय थोडा वाकडा जुळला तरी शेळी विते आणि दूध देते.

घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या शेळीला देऊ नयेत. डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मेली.

डागणी नको, दवाखाना हवा

अजूनही काही ठिकाणी लंगड्या पायाला तापल्या विळ्याचा डाग देतात, बिब्बा घालतात, नाही तर नजर लागली म्हणून लिंबू उतरतात. डागाने काटा निघत नाही आणि हाडही जुळत नाही. उलट नवी जखम होते, तीत किडे पडतात. कारणावाचून काही घडत नाही, हे तथागतांनी शिकविले. मग शेळीच्या लंगडण्याचे कारण खुरात शोधायचे की नजरेत? मुक्या जीवाला डाग देणे पहिल्या शीलालाही धरून नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आपल्याच करांवर चालतो. तेथे जाण्यात संकोच नसावा. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. वस्तीतील महिला मंडळाने एवढे जरी केले तरी पुष्कळ होईल : खूर छाटण्याची एक कात्री, आयोडीनची बाटली, कापूस आणि कामट्या विहारात ठेवाव्यात, आणि पावसाळ्यापूर्वी डॉक्टरांना बोलावून सर्वांच्या शेळ्या एकदम तपासून घ्याव्यात. एकटी बाई दलालापुढे घाबरते. चार जणी मिळून शेळीचा पाय तपासू लागल्या, की दलालाला दुसरी वस्ती शोधावी लागते.

जयभीम!